तळ्याकाठी मित्रांसोबत: आधी पाण्याचं वेळापत्रक, मग आपलं

तळ्याकाठी गेलेल्या बहुतेक ग्रुपचा दिवस सारखाच जातो. रात्री दोनपर्यंत गप्पा, सकाळी नऊला एकेकाला जाग, आंघोळी आणि नाश्ता उरकेपर्यंत साडेअकरा, आणि मग भर बाराच्या उन्हात सगळे होडीच्या रांगेत. तोवर वारा सुटलेला असतो, पाणी ढवळलेलं असतं, समोरचे डोंगर धुरकटलेले असतात आणि फोटोत सगळ्यांचे डोळे मिचकावलेले. जागा सुंदरच असते, वेळ तेवढी चुकलेली असते.

मित्रांच्या अशा सहली मी बरीच वर्षं आखतो आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: शहर किंवा बाजार आपल्या सोयीने बघता येतो, तळं नाही. तळ्याचा दिवस वारा, ऊन आणि पाण्याचं तापमान ठरवतं. तो दिवस समजून घेऊन आपले बेत त्यात बसवले, तर दोन दिवसांत जे दिसतं ते एरवी चार दिवसांतही दिसत नाही. ते कसं बसवायचं, ते क्रमाने सांगतो.

आधी नकाशा, मग मुक्काम

हॉटेलं शोधण्याआधी तळ्याचा आकार नीट बघा. ते कुठल्या दिशेला लांब पसरलं आहे, डोंगर कुठल्या काठाला येऊन भिडलेत, रस्ता पूर्ण वळसा घालतो की मध्येच संपतो, बोटी कुठून कुठे जातात. एवढं कळलं की निम्मं काम झालं.

पूर्वेच्या काठावर राहिलात तर समोर पाण्यावर सूर्यास्त मिळतो, पण पाठीशी उंच डोंगर असेल तर सकाळचं ऊन खोलीपर्यंत फार उशिरा येतं. पश्चिमेच्या काठावर उलटं. पहाटेचा उजेड पाण्यावरून थेट अंगावर येतो, आणि दुपार कलली की डोंगराची सावली लगेच गाठते. थंडीच्या दिवसांत हा फरक चांगलाच जाणवतो. पहाटे उठणारी मंडळी जास्त असतील तर पश्चिमकाठ, संध्याकाळी बाहेर बसून गप्पा रंगवणारी जास्त असतील तर पूर्वकाठ, हा माझा ठोकताळा.

तळं लांबट असेल तर टोकाला राहू नका, मध्यावर राहा. इटलीतलं कोमो सरोवर उलट्या वाय अक्षरासारखं आहे. त्याचे फाटे जिथे मिळतात तिथे बेलाजिओ, आणि समोरच्या काठांवर वारेन्ना नि मेनाज्जिओ. या तिन्ही गावांमध्ये फेरी बोटी चालतात, त्यामुळे मध्यावर राहणारा गाडीला हात न लावता एका दिवसात तिन्ही गावं बघतो. टोकाला राहणाऱ्याचा तेवढाच वेळ नुसत्या जाण्यायेण्यात जातो.

मुक्काम एकच ठेवा. सहा-आठ जणांनी रोज हॉटेल बदलायचं म्हणजे रोज सामान भरणं, हिशेब, पार्किंग, हरवलेला चार्जर. त्यात सकाळ संपते, आणि तळ्याकाठी सकाळ हातची घालवण्यासारखी नसते.

तळ्याला पूर्ण फेरी मारायची हौस सगळ्यांना असते, पण ती आकार बघून करावी. स्लोव्हेनियातल्या ब्लेडची काठावरची वाट जेमतेम सहा किलोमीटरची आहे, पोचल्याच्या संध्याकाळी रमतगमत होते. फ्रान्समधल्या आनसीची फेरी साधारण चाळीस किलोमीटरची, म्हणजे सायकलवरचा एक दिवस. त्याहून मोठं तळं असेल तर वळसा सोडून द्या आणि काठाचा एक चांगला तुकडा निवडून तो पायी करा. गाडीच्या खिडकीतून पळणारं पाणी कुणाच्या लक्षात राहत नाही.

महिनाही पाण्याकडे बघूनच ठरवा. कॅनडातलं लुईझ किंवा न्यूझीलंडमधलं पुकाकी ज्या दुधाळ निळ्या रंगासाठी प्रसिद्ध आहे, तो रंग हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठासारख्या बारीक कणांमुळे येतो. बर्फ वितळून हे कण पाण्यात येतात, म्हणून हा रंग उन्हाळ्यात खुलतो. लुईझवर तर जूनच्या सुरुवातीलाही बर्फ असू शकतो. तो रंग बघायला एप्रिलमध्ये गेलात तर समोर पांढरं पठार दिसेल. याउलट पहाटेचं धुकं हवं असेल तर उन्हाळा सरतानाचे दिवस निवडा: उन्हाळाभर तापलेलं पाणी अजून कोमट असतं, रात्री निरभ्र आणि गार होऊ लागतात, आणि पहाटे पाण्यातून वाफ उठल्यासारखं धुकं वर येतं.

तळं अडीच हजार मीटरपेक्षा उंचावर असेल तर पहिला दिवस मोकळा सोडा. टिटिकाका ३,८१२ मीटरवर आहे. तिथे उतरल्या दिवशी चढाई किंवा दारू, दोन्ही नको. डोकेदुखी, मळमळ झाली तर आणखी वर जायचं नाही, आणि त्रास वाढत असेल तर खाली उतरायचं. एका मित्रासाठी बेत बदलावा लागला तर सगळ्यांनी बदलावा.

निघण्याआधी तीन प्रश्न

ग्रुपवर दीडशे मेसेज पडतात आणि ठरत काहीच नाही, हे टाळायचं तर प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारा आणि उत्तरं एका जागी लिहा. या सहलीत तुझी कुठली एक गोष्ट झालीच पाहिजे? पाय टेकत नाहीत अशा पाण्यात तुला पोहता येतं का? रोज पहाटे उठायला तयार आहेस का, की एकच दिवस?

पहिल्या प्रश्नामुळे कुणी मनात कुढत परतत नाही. सहा जणांच्या सहा गोष्टी तीन दिवसांत आरामात बसतात. दुसरा प्रश्न प्रत्येकाला एकेकट्याने विचारा. चारचौघांत ‘येतं की’ म्हणणारा माणूस एकट्यात सांगतो की, तलावात कधी उतरलेलो नाही, शाळेत असताना शिकलो होतो. ही माहिती होडीत बसताना उपयोगी पडते. तिसऱ्या उत्तरावरून दिवसाचे दोन गट पडतात, आणि ते पडू द्यावेत. चौघं पहाटे पाण्यावर गेले आणि तिघं झोपले तर कुणाचंच बिघडत नाही. दुपारी सगळे एकत्र असले की झालं.

पैशांचं म्हणाल तर शुद्ध टीटीएमएम अशा सहलीत फार कटकटीचं होतं. होडी, गाडी, पार्किंग हे खर्च सगळ्यांचे असतात. सुरुवातीलाच सारखी वर्गणी काढा, ती एकाकडे द्या आणि सामायिक खर्च त्यातून करा. खाणंपिणं आणि खरेदी ज्याची त्याची. वर्गणी सांभाळणाऱ्याने रोज रात्री शिल्लक सांगितली की शेवटच्या दिवशी चेहरे पडत नाहीत.

तळ्याचा दिवस कसा उलगडतो

पहाट ते साधारण नऊ-दहा हा बहुतेक तळ्यांचा शांत वेळ. पाणी इतकं निश्चल असतं की एखादं बदक पोहत गेलं तर त्याच्या मागे उमटलेली इंग्रजी व्हीसारखी रेघ काठापर्यंत येऊन पोचताना दिसते. डोंगराचं प्रतिबिंब आणि डोंगर यांच्यात काठाची बारीक ओळ तेवढी उरते. आवाज दूरवर जातात, पलीकडच्या काठावरचं बोलणं कानाशी आल्यासारखं वाटतं. होडी, फोटो, पक्षी, नुसतं बसणं, जे काही पाण्याशी संबंधित आहे ते याच वेळात करा.

मग ऊन चढतं. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला पाण्यावरची गार हवा काठाकडे सरकते. डोंगरांमधलं तळं असेल तर दरीतून वर वाहणारा वारा त्यात भर घालतो. काठावर बसून लक्ष दिलंत तर हा क्षण दिसतो: गुळगुळीत पाण्यावर एक काळपट, शहारलेला पट्टा दुरून सरकत येतो, मागोमाग दुसरा, आणि पाच-दहा मिनिटांत सगळं प्रतिबिंब मोडून जातं. त्यानंतर साधारण संध्याकाळपर्यंत पाणी वाऱ्याच्या ताब्यात.

पण प्रत्येक तळ्याचं गणित थोडं वेगळं असतं, म्हणून पोचल्या पोचल्या होडीवाल्याला किंवा मुक्कामाच्या मालकांना विचारा: वारा कधी सुटतो, कुठून येतो? इटलीतल्या गार्दा सरोवरावर सकाळी उत्तरेकडून पेलेर वाहतो आणि दुपारनंतर दक्षिणेकडून ओरा. तिथले लोक या वाऱ्यांना नावाने ओळखतात आणि शिडाच्या होड्या त्यांच्या भरवशावर निघतात. म्हणजे तिथली सकाळ शांत असेलच असं नाही.

दुपारी पाणी सोडा. सावलीतली जंगलवाट, गावातलं जुनं देऊळ किंवा चर्च, धबधबा, झोप, पत्ते, जे हवं ते. संध्याकाळी वारा पडायला लागतो आणि उजेड तिरपा होतो तेव्हा परत काठावर या. डोंगरांमधल्या तळ्यात पश्चिमेचा डोंगर सूर्य लवकर गिळतो, त्यामुळे ॲपमधल्या सूर्यास्ताच्या वेळेवर विसंबू नका. पहिल्या दिवशी सावली काठावर किती वाजता पोचली ते घड्याळात बघून ठेवा, पुढचे सगळे दिवस ती वेळ उपयोगी पडते. तुमच्या काठावर सावली आल्यावरही पूर्वेचा डोंगर बराच वेळ उन्हात असतो. आपण अंधारल्या काठावर आणि समोर पेटल्यासारखा डोंगर, त्याचंच रूप पाण्यात. मला तळ्याचं सगळ्यात आवडतं रूप हेच.

होडीत बसताना

एकदा आम्ही सहा जण दुपारी दोन वाजता वल्ह्याच्या दोन होड्या घेऊन निघालो. जाताना वारा पाठीशी होता, पंधरा मिनिटांत पलीकडच्या काठाजवळ. परतताना तोच वारा तोंडावर. वल्हं मारायचं क्षणभर थांबवलं की होडी मागे जायची. तासभर आम्ही आळीपाळीने वल्ही मारत होतो, तळहातांना फोड आले. पोहता न येणारी एक मैत्रीण होडीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती, एक शब्दही बोलत नव्हती. तिचा तो चेहरा मी विसरलेलो नाही.

म्हणून पहिला नियम: स्वतः वल्हवणार असाल तर जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा. म्हणजे दमल्यावर वाराच घरी आणतो. दुसरा, वारा उघड्या पाण्यावरून जितका लांब धावून येतो तितक्या लाटा मोठ्या होतात. वारा ज्या काठावरून सुटतो तिथलं पाणी शांत दिसतं आणि समोरच्या टोकाला तेच खवळलेलं असतं. धक्क्यावर उभं राहून ‘काही वारा नाही’ असं ठरवू नका, तळ्याच्या मध्यावर पांढरा फेस दिसतो का ते बघा. दिसला तर बेत उद्या सकाळवर.

लाइफ जॅकेट प्रत्येकाने घालायचं, ज्याला पोहता येतं त्यानेही. बक्कल लावल्यावर दुसऱ्याने ते खांद्यांपाशी धरून वर ओढून बघावं. हनुवटीवर किंवा कानापर्यंत सरकत असेल तर ते ढिलं आहे, पट्टे आवळा नाहीतर लहान मापाचं घ्या. एकमेकांची जॅकेटं अशी तपासायला मिनिटभर लागतो, आणि ज्याला पोहता येत नाही त्याचा जीव तेवढ्याने थाऱ्यावर येतो.

होडीत उभं राहू नका, सेल्फीसाठी सगळे एका बाजूला सरकू नका, जागा बदलायची तर काठावर येऊन. होडीवाल्याने ‘बसा हो, होतं’ म्हटलं तरी ठरलेल्या संख्येपेक्षा एकही माणूस जास्त नको, सरळ दोन होड्या घ्या. दारू प्यायलेल्या मित्राला काठावरच ठेवा आणि त्याच्याबरोबर कुणीतरी थांबा. होडी उलटलीच तर ती सोडून काठाकडे पोहायला निघू नये. उलटी होडीही बहुधा तरंगत राहते आणि शोधायला आलेल्यांना माणसाच्या डोक्यापेक्षा लवकर दिसते.

पाण्यात उतरण्याआधी

हा भाग सगळ्यात नीट वाचा. डोंगरातल्या खोल तळ्यात वरचा थर उन्हाने कोमट झालेला असतो आणि खाली पाणी बर्फासारखं असू शकतं. पाणी सगळ्यात जड असतं ते साधारण ४ अंश सेल्सिअसला, त्यामुळे गार पाणी तळाशी बसून राहतं. काठावर हात घालून ‘मस्त आहे’ म्हणणारा माणूस उडी मारतो आणि दोन क्षणांत त्या थराखाली जातो.

पंधरा अंशांखालच्या पाण्यात अचानक पडलं की शरीर आपोआप मोठा श्वास ओढतं आणि धाप लागते. त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर चांगला पोहणाराही बुडू शकतो. गार पाण्यातल्या बचावासाठी १-१०-१ असा एक आकडा शिकवला जातो: पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, मग हातपाय नीट चालतात अशी साधारण १० मिनिटं, आणि शरीर गारठून शुद्ध हरपायला साधारण १ तास. म्हणून अचानक पडलात तर हातपाय मारू नका. मान मागे टाका, पाठीवर तरंगा, धाप ओसरू द्या, मग हाक मारा किंवा काठाकडे वळा. हे सहलीच्या पहिल्याच रात्री सगळ्यांना सांगा.

स्वतःहून उतरताना चालत, हळूहळू उतरा. काठाला समांतर पोहा, पलीकडच्या काठापर्यंत शर्यत लावू नका, पाण्यावरचं अंतर डोळ्यांना नेहमी कमी वाटतं. किमान एक जण कपडे घालून काठावर बसलेला असू द्या, मोबाइल आणि दोरी घेऊन. दुसरा मित्र बुडताना दिसला तर त्याच्यामागे उडी न मारता दोरी, काठी, रिकामा प्लास्टिकचा कॅन, जे तरंगेल ते फेका.

तळं धरणाचं असेल तर भिंतीजवळ, दरवाज्यांजवळ आणि खालच्या पात्रात अजिबात उतरू नका, पाणी पूर्वसूचनेशिवाय सुटू शकतं. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसली तर तिथेही नाही. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती विषारी असतात आणि नुसत्या डोळ्यांनी त्या ओळखता येत नाहीत. काही ठिकाणी पोहायला बंदी असते, ती पाळावी. क्रोएशियातल्या प्लिटविसेची सोळा सरोवरं एकाखाली एक अशी आहेत, आणि त्यांच्यामधले बांध पाण्यातला चुना शेवाळावर साचत साचत तयार झाले आहेत, अजूनही होत आहेत. तिथे पोहू देत नाहीत.

डोंगरावरून तळं बघायचं तर

वेळेचा अंदाज जवळपास सगळ्या ग्रुपचा चुकतो. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ साली दिलेला हिशेब अजून चालतो: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. दहा किलोमीटरची वाट आणि सहाशे मीटर चढ असेल तर तीन तास. पण हा न थांबता चालणाऱ्याचा हिशेब आहे. मित्रांची फोटो, गप्पा, पाणी अशी थांबत जाणारी रांग असेल तर मी सरळ दीडपट धरतो, साडेचार तास. त्यावरून परत फिरायची वेळ ठरवा आणि ती झाली की शिखर समोर दिसत असलं तरी मागे वळा.

सगळ्यात सावकाश चालणारा पुढे, वाट माहीत असलेला शेवटी. फाटा आला की सगळे जमल्याशिवाय पुढे जायचं नाही. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. उंचावर ऊनही जास्त लागतं, दर हजार मीटरला अतिनील किरणं १० ते १२ टक्क्यांनी वाढतात आणि गार वाऱ्यात ते कळत नाही. टोपी आणि सनस्क्रीन निघतानाच.

गडगडाट ऐकू आला तर पाण्यातून, होडीतून आणि उघड्या धारेवरून लगेच खाली या. वीज चमकल्यापासून आवाजापर्यंत तीसच्या आत मोजून झालं तर वीज साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत बसा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

फोटो आणि एक पांढरी ताटली

प्रतिबिंबाचा फोटो काढायचा तर खाली बसा, मोबाइल पाण्याच्या जितका जवळ न्याल तितकं प्रतिबिंब पूर्ण येतं. सगळ्यांचा एकत्र फोटो पहिल्याच सकाळी काढून टाका, शेवटच्या दिवशी कुणीतरी कायम कमी असतं.

आणि एक गोष्ट आवर्जून करा. १८६५ साली अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञाने पाणी किती नितळ आहे ते मोजायला पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडली होती. आजही तळ्यांचे अभ्यासक तीच रीत वापरतात. एक पांढरी ताटली घ्या, तिला खाली जाण्यापुरतं वजन बांधा, दोरीला दर अर्ध्या मीटरवर गाठ मारा आणि धक्क्याच्या सावलीच्या बाजूने सोडा. ताटली आधी हिरवट होते, मग तिची कड विरघळते, मग एक फिकट डाग उरतो आणि तोही जातो. तिथली गाठ मोजा. पुन्हा वर घ्या, दिसायला लागली तिथली मोजा, दोन्हींची सरासरी म्हणजे त्या पाण्याची नितळता. आमच्या ग्रुपमधले कधी पाण्याकडे न बघणारेही धक्क्यावर पालथे पडून ‘अजून दिसतंय, थांब, अजून’ करत होते. ताटली मात्र न विसरता बाहेर काढा.

त्यावरून रंगांचं बोलणं निघतं. जिनिव्हा सरोवराचा आयुष्यभर अभ्यास करणारे फोरेल यांच्या नावाची पाण्याच्या रंगांची पट्टी आहे, निळ्यापासून तपकिरीपर्यंत २१ छटांची. लोणारचं पाणी २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं ते मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. आपल्या समोरचं पाणी असं का दिसतं, हा प्रश्न एकदा पडला की त्या तळ्याशी ओळख झाली समजा.

काठ सोडताना

साबण, शॅम्पू, भांडी घासणं हे सगळं पाण्यापासून किमान साठ मीटर लांब, साबण ‘नैसर्गिक’ असला तरी. एका तळ्यातून दुसऱ्याकडे जाणार असाल तर बूट, पोहण्याचे कपडे, भाड्याची कयाक धुऊन पूर्ण वाळवा. शेवाळाचे तुकडे आणि शिंपल्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं ओल्या सामानावरून दुसऱ्या पाण्यात जातात आणि तिथलं जीवन बिघडवतात.

परतीच्या आदल्या रात्री सामान भरून ठेवा, हिशेब मिटवा, गाडीची वेळ अकरानंतरची घ्या. शेवटच्या सकाळी कुठलाही बेत नको. जो उठेल त्याने शाल घेऊन काठावर यायचं, आणि काळपट पट्टा सरकत येईपर्यंत बसायचं.